‘पूर्व’ : एका शब्दाचा अर्थविचार

पूजेचा संकल्प करताना यजमान पूर्वेकडे मुख करून बसतो आणि पितरांचे स्मरण करताना त्यांना ‘पूर्वज’ म्हणतो. दिशा आणि माणसे या दोन भिन्न गोष्टींना एकच शब्द कसा लाभला, हे भाविकांनी जाणण्यासारखे आहे.

‘पूर्व’ या संस्कृत शब्दाचा अर्थ पुढचा, पहिला, आधीचा. ‘पुरस्’ (समोर) आणि ‘पुरा’ (प्राचीन काळी) हे शब्द त्याच्याच कुळातले. पुढे स्थापिलेला तो ‘पुरोहित’. प्राचीन काळचे ते ‘पुराण’.

उगवत्या सूर्यनारायणाकडे मुख करून उभ्या राहिलेल्या उपासकाच्या समोरची दिशा ती पूर्व, पाठीमागची पश्चिम आणि उजव्या हाताची दक्षिण. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरावयाचे, म्हणून ती ‘प्रदक्षिणा’. पूर्वाभिमुख मंदिरात दर्शन घेणारा मात्र पश्चिमेकडे पाहत असतो. म्हणून कित्येक पूजापद्धतींत पूज्य आणि पूजक यांच्यामधील दिशाच पूर्व मानली जाते. कोल्हापूरची श्रीमहालक्ष्मी पश्चिमाभिमुख असल्याने तिच्यासमोर उभा असलेला भाविक सहजच सूर्योदयाच्या दिशेला पाहतो.

स्थळातील ‘पुढे’ काळात ‘आधी’ झाले. आपल्याआधी जन्मले ते पूर्वज. एरवी आपण गेलेल्यांना मागे राहिलेले समजतो. हा शब्द त्यांना आपल्यापुढे उभे करतो, वाट दाखविणाऱ्यांच्या जागी.

याच शब्दापासून मीमांसाशास्त्रातील ‘अपूर्व’ ही संज्ञा सिद्ध झाली. यज्ञकर्म थोड्या वेळात संपते, फळ मात्र कालांतराने मिळते. या दोहोंना जोडणारी, पूर्वी नसलेली व कर्मानेच उत्पन्न झालेली अदृश्य शक्ती म्हणजे अपूर्व.

विहीर, तळे, देवालय, अन्नदान अशा लोकोपयोगी कार्यांना धर्मशास्त्रात ‘पूर्त’ म्हणतात. उच्चार जवळचा असला, तरी तो शब्द ‘भरणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ‘पूर्व’शी त्याची गल्लत करू नये. तरीही व्यवहारात दोन्ही एकत्र येतात. पूर्वजांच्या स्मरणार्थ कोणी पाणपोई बांधतो. पुढे तेथे तहान भागविणाऱ्या अनोळखी यात्रेकरूच्या दृष्टीने तो दाताही पूर्वसूरींपैकीच एक झालेला असतो. आपल्याआधी कोणीतरी केले, म्हणून आपल्याला मिळाले, एवढी जाणीव या लहानशा शब्दातून मनी राहिली तरी यात्रा सफल झाली असे म्हणावे.