मांजराचा ओरखडा किरकोळ समजू नका

घरात मांजर असले की गादीवर नखांच्या रेघा, पहाटेचे ओरडणे आणि दारात आणून टाकलेला मेलेला उंदीर हे ठरलेलेच. हा खोडसाळपणा नव्हे, स्वभाव आहे. नखांचे जुने कवच निघावे व आपल्या वासाची खूण राहावी म्हणून मांजर ओरबाडते. फळीला गोणपाट गुंडाळून ठेवल्यास गादी वाचते. कुरवाळताना शेपटी आपटू लागले की हात काढून घ्यावा. पुढची पायरी चावण्याची असते.

मात्र ओरखडा वा चावा किरकोळ समजू नये. कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. घरचे मांजरही रात्री बाहेर फिरून येते. म्हणून जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नागपुरात मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत. पोटातील १४ इंजेक्शनांची भीती नको. ती जुनी लस भारतात २००५ पासून बंद आहे. आता सुई दंडावर देतात. ठरलेला एकही डोस चुकवू नये.

गर्भवतीने मांजराची विष्ठा काढू नये. तिच्यातील टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला अपाय करू शकतो.

पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांचा दवाखाना आहे.