जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि पदवीची निवड

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याच्या घरी बहुधा एकाच पदवीचे नाव घेतले जाते. 'नीट' परीक्षेत पुरेसे गुण मिळाले नाहीत की घर हताश होते आणि जवळच्या महाविद्यालयात जी जागा शिल्लक असेल तेथे प्रवेश घेऊन विषय संपविला जातो. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकांना किंवा पंचायतीच्या सदस्यांना. या पदव्यांमधील फरक त्यांना ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विज्ञान शाखेत सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान या विषयांच्या नावांना आज वलय आहे. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र मात्र जुनाट समजले जातात. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस बसण्यासाठी पदवीला जे विषय मान्य आहेत, त्यांत वनस्पतिशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, रसायनशास्त्रही आहे. जैवतंत्रज्ञान नाही आणि सूक्ष्मजीवशास्त्रही नाही. जंगलाची ओढ असलेल्या मुलाने केवळ नावाला भुलून विषय निवडला, तर हे दार त्याला बंद होऊ शकते, आणि ते कळते पदवी हाती आल्यावर. पुण्याची आघारकर संशोधन संस्था १९४६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिने विकसित केलेले गहू व सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. बेडूक चिरावा लागतो या धास्तीने प्राणिशास्त्र टाळणाऱ्यांनीही निर्धास्त असावे. प्राण्यांचे विच्छेदन थांबविण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्येच घेतला.

याचा अर्थ नव्या विषयांत राम नाही, असा नव्हे. दूध, औषधे व पिण्याचे पाणी यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात. जैवतंत्रज्ञानात मात्र पदव्युत्तर शिक्षणाची तयारी ठेवूनच पाऊल टाकावे.

ग्रामीण विद्यार्थ्यांना अधिक जवळचा असा दुसरा मार्ग व्यावसायिक पदव्यांचा आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत कृषी पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातील ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहणारे 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' पंचायत सदस्यांनी पाहिलेले असतात. पदवीची माहिती त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकवावी. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये रत्नागिरीखेरीज नागपूर व उदगीर येथेही आहेत, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना सहसा माहीत नसते. पशुवैद्यक पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात आणि तिचा प्रवेशही 'नीट'च्या गुणांवर होतो. औषधनिर्माणशास्त्राची वाटही गणिताविना खुली आहे.

गणिताचा प्रश्न खरे तर दहावीनंतरच उभा राहतो. डॉक्टरच व्हायचे ठरलेले असल्याने अकरावीला गणित सोडले जाते. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पाच वर्षांत पदवी व पदव्युत्तर पदवी एकत्र मिळते. तिच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणितावरही असतात. मुलाचा कल संशोधनाकडे दिसत असेल, तर शिक्षकांनी ही गोष्ट पालकांच्या कानावर अकरावीच्या प्रवेशापूर्वीच घालावी.