बाळाचे चोवीस दिवस : आगमनकाल कर्जावाचून कसा पाळावा

मुख्य शास्त्रभाग : लूक २:१-७. सोबत वाचावे : १ शमुवेल २:१८-२१, नीतिसूत्रे २२:७.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस नागापूर येथील एका ख्रिस्ती घरी प्रार्थनेकरिता जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. अहिल्यानगर, ज्यास आपण अजून सवयीने नगर म्हणतो, त्या शहराला लागून मनमाडच्या रस्त्यावर हे गाव आहे. तेथे औद्योगिक वसाहत झाल्यापासून खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. या घरचा धनी कारखान्यात कंत्राटी कामावर असून त्याची पाळी दर आठवड्यास बदलते. घरात त्याची वृद्ध आई, पत्नी व नऊ महिन्यांचे बाळ.

प्रार्थना आटोपल्यावर त्या मुलीने आम्हांस फोनवर एक चित्र दाखविले. चोवीस लहान कप्पे असलेली एक सुंदर पेटी होती. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक कप्पा उघडावयाचा व त्यातील खेळणे वा खाऊ बाळास द्यावयाचा, अशी ती योजना. किंमत त्या घरच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी. "पाळकसाहेब, हप्त्याने मिळते आहे. घेऊ का?" असे तिने विचारले.

आम्ही घाईने उत्तर दिले की, "बाई, एवढ्याशा बाळाला काय कळते? तीनचार वर्षे जाऊ द्या." त्यावर ती क्षणभर गप्प राहिली व मग हळूच म्हणाली, "मग त्याचा बाप्तिस्मा का केला, साहेब? तेव्हा तरी त्याला काय कळत होते?"

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. तिचे म्हणणे खरे होते, आणि पेटी घेणे योग्य नव्हते हेही खरे होते. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. ही चाल कोठून आली?

आगमनकाल म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार ज्यात येतात तो वाट पाहण्याचा काळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. आपल्या नगरकडील पुष्कळ वडीलधाऱ्यांस हा काळ पाळण्याची सवय नाही, व यास कारण आहे. नगर येथे १८३१ साली कार्य सुरू करणारे अमेरिकन मिशनरी ज्या प्युरिटन परंपरेतून आले, तिने पूर्वी नाताळदेखील पाळला नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ साली रद्द झाला. सण आला की उधळपट्टी व मद्यपान येते, ही त्यांची भीती होती. पुढे मंडळ्यांची दृष्टी बदलली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे ऐक्य विदर्भातील नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाले, आणि तो दिवस आगमनकालाचा पहिला रविवार होता.

दिवस मोजण्याची चाल जर्मनीतील प्रॉटेस्टंट घरांतली. एकोणिसाव्या शतकात तेथील आईबाप दारावर खडूने चोवीस रेघा ओढीत व मुले रोज एक रेघ पुशीत. काही घरी रिकामी गव्हाण ठेवून मुले तीत रोज एक काडी घालीत, म्हणजे नाताळपर्यंत ख्रिस्तबाळाची शेज तयार होई. हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिक विखर्न या उपदेशकाने १८३९ साली आपल्या आश्रमातील गरीब मुलांस दिवस मोजता यावे म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. गेरहार्ट लांग नामक एका पाळकपुत्राची अशी हकीकत सांगतात की, त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ शिवून त्यास दिले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिक येथे त्याने तशी छापील दिनदर्शिका काढली, आणि तेथून ही वस्तू बाजारात आली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खडू, काडी, मोडके चाक आणि आईची सुई यांतून ही चाल जन्मली. पेटी व हप्ता ही तिची मागाहून आलेली सोंगे आहेत.

२. बाळास काय कळते?

बाळास किंमत कळत नाही, संख्या कळत नाही, उद्या व परवा कळत नाही. परंतु आईचा आवाज कळतो, बापाचा चेहरा कळतो, आणि रोज त्याच वेळी तीच गोष्ट घडली म्हणजे तीही कळू लागते. तीमथ्यास बालपणापासून पवित्र लेखांची ओळख होती असे पौल म्हणतो (२ तीमथ्य ३:१५). ती ओळख आजीच्या व आईच्या मांडीवरच झाली असली पाहिजे.

तेव्हा बाळाचा कप्पा वस्तूने भरावयाचा नसून वेळेने भरावयाचा आहे. पाळी बदलणाऱ्या घरात सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे आईबापांनी एकत्र बसण्याची पंधरा मिनिटे. ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. उलट कर्ज काढून पेटी घेतली, तर ते फेडण्यासाठी बापास जादा पाळी करावी लागेल व तीच पंधरा मिनिटे गमवावी लागतील. ऋण घेणारा हा ऋण देणाऱ्याचा दास होतो, हे नीतिसूत्रांतील ज्ञान आपल्या खेड्यांस सांगावयास नको. आपल्या आज्यापणज्यांनी ते सावकाराच्या ओट्यावर भोगले आहे.

३. चोवीस तुकड्यांची गोधडी

आमचे हे बोलणे चालले असता म्हातारी कोपऱ्यात गोधडी शिवीत बसली होती. तिच्याकडे पाहून आम्हांस हन्नेची आठवण झाली. शमुवेल मंदिरात राहत असता त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेई. आम्ही म्हणालो, "आजी, तुमच्या गाठोड्यात चोवीस चिंध्या निघतील का?" ती हसून म्हणाली, "चोवीस कशाला, चाळीस निघतील."

मग असे ठरले. जुन्या धोतराचे दुहेरी अस्तर घेऊन त्यावर खडूने आडवे सहा व उभे चार असे चोवीस चौकोन आखावे. प्रत्येक चौकोन सुमारे एक वीत. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज एक तुकडा धावदोऱ्याने शिवावा. दिवा लावून बाळास मांडीवर घ्यावे, त्याचा हात त्या तुकड्यावर ठेवावा, हा कोणाच्या कपड्याचा तुकडा ते सांगावे, शास्त्रभाग वाचावा, एक नाताळगीत गावे व प्रार्थना करावी. रोज हाच क्रम. खर्च दोऱ्याच्या एका रिळाचा.

वाचण्यासाठी शास्त्रभाग असे घ्यावे :

पहिली ओळ, वचन (१ ते ६ डिसेंबर) : उत्पत्ति १२:१-३, अनुवाद १८:१५, यशया ९:२-७, यशया ११:१-९, यशया ४०:१-५, मीखा ५:२-४.

दुसरी ओळ, वाट पाहणे (७ ते १२) : मलाखी ३:१-४, लूक १:५-१७, लूक १:१८-२५, लूक १:२६-३८, लूक १:३९-४५, लूक १:४६-५६.

तिसरी ओळ, आईबाप (१३ ते १८) : लूक १:५७-६६, लूक १:६७-८०, मत्तय १:१८-२१, मत्तय १:२२-२५, १ शमुवेल २:१८-२१, फिलिप्पै २:५-११.

चौथी ओळ, आगमन (१९ ते २४) : योहान १:१-५, योहान १:९-१४, गलती ४:४-७, तीत २:११-१४, लूक २:१-५, लूक २:६-७.

नाताळच्या दिवशी लूक २:८-२० वाचावे.

४. जपण्याच्या गोष्टी

बाळाच्या जिवापुढे कोणतीही चाल मोठी नाही. शिवून झाल्यावर सुई मोजून डबीत ठेवावी. गोधडीवर गुंड्या, मणी, टिकल्या लावू नयेत. शेंगदाणे, फुटाणे, नाणी व खेळण्यातील चपट्या बॅटऱ्या बाळाच्या हाती लागू देऊ नयेत; दाणा घशात अडकून श्वास कोंडतो, व गिळलेली बॅटरी आतून अन्ननलिका जाळते. एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे अंगातील शक्ती हरपणारा भयंकर रोग होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध हेच त्याचे अन्न. त्यानंतर खाऊ द्यावयाचा तर कुस्करलेले केळे, मऊ वरणभात, नाचणीची पेज पुरे. ही गोधडी बाळ जागे असता खाली अंथरावी. निजलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडावर जड पांघरूण येऊ देऊ नये.

आणखी एक सूचना. जे तसेही करावयाचे आहे, तेच त्या दिवसाचे दान समजावे. नऊ महिने पुरे झालेल्या बाळास गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. ती त्या महिन्यात येत असेल, तर त्या दिवसाच्या तुकड्याबरोबर तिची आठवण शिवावी. बाळास लहान झालेले अंगडेटोपडे ज्या घरी नवे मूल आले आहे तेथे द्यावे. घेण्याबरोबर देणेही बाळाच्या नावे घडावे.

५. पुढे काय झाले?

नाताळानंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप सकाळी घरी येऊन, तोंड धुऊन, मग तुकडा शिवी. त्याचे टाके वाकडेतिकडे होते व म्हातारीने ते उसवू दिले नाहीत. शेजारच्या खोलीतील एक हिंदू बाई रोज गाणे ऐके. तिने आपल्या पातळाचा तुकडा आणून दिला व अकराव्या दिवशी तोच लावला. त्या दिवशी अलीशिबेने मरीयेचे स्वागत केल्याचा भाग होता. मध्ये बाळास ताप आला तेव्हा दोन दिवस शिवण झाले नाही. ते तुकडे मागाहून लावले. दुसऱ्या आठवड्यापासून दिवा लागला की बाळ गोधडीकडे पाहून हात हलवू लागले, असे त्याच्या आईने सांगितले.

चोविसाव्या चौकोनास काय लावले, असे आम्ही विचारले. म्हातारीने बोट ठेवून दाखविले. बाळ जन्मले त्या रात्री त्यास ज्यात गुंडाळले होते, त्या बाळंत्याचा तो तुकडा होता. तिने तो जपून ठेवला होता. मरीयेने आपल्या पुत्रास बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, हे आम्ही अनेक वर्षे वाचीत व शिकवीत आलो आहो. पण त्या दिवशी नागापूरच्या त्या खोलीत आम्हांस त्याचा अर्थ नव्याने कळला. देवाचा पुत्र आला तेव्हा त्यास घरातलेच फडके पुरले.

उपदेशकांस सूचना : नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंडळीतील लहान मुलांच्या घरी जाऊन अस्तर आखून द्यावे. ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही, तेथे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन वाचावे.

प्रश्न : (१) आपल्या घरी नाताळासाठी गेल्या वर्षी कर्ज झाले काय, आणि ते कोणत्या वस्तूंचे? (२) बाळाचा बाप्तिस्मा करताना आपण काय वचन दिले, व ते रोज कोणत्या वेळी पाळतो? (३) आपल्या गोधडीत शेजाऱ्याचा तुकडा कोणता असेल?