‘ट्रिपल निगेटिव्ह’मध्येही प्रकार?

प्रश्न : माझी वहिनी ३८ वर्षांची आहे. स्तनाच्या गाठीची बायोप्सी ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आली. यातही उपप्रकार असतात म्हणे. महागडी तपासणी करावी का? – एक वाचक, सौंसर (जि. पांढुर्णा)

उत्तर : ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे कर्करोगाच्या पेशींत ईआर, पीआर हे हार्मोनचे ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन, असे तिन्ही नाहीत, बाकी हे आजार एकसारखे नसतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०११ मध्ये जनुकांवरून सहा उपप्रकार सांगितले, २०१६ मध्ये तेच चारवर आणले. शास्त्र म्हणून सुरेख, पण नेहमीच्या उपचारात औषध अजून त्यावरून ठरत नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

बीआरसीए या जनुकांची रक्ततपासणी मात्र कराच. दोष निघाला तर ओलॅपरिब हे औषध उपयोगी पडू शकते, आणि तुमच्या वहिनीच्या बहिणींनाही सावध करता येते. पीडी-एल१ (एक प्रथिन) आणि ‘हर-टू लो’ (हर-टू अगदी कमी असणे) यांच्या तपासण्यांचे प्रश्न मुख्यतः आजार पसरला असेल तेव्हाचे.

वयही इथे मोलाचे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ७२० स्त्रियांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये मांडली. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना केमोत कार्बोप्लॅटिन जोडल्यावर पाच वर्षांनी ७७ टक्के हयात होत्या, त्याविना ६६. औषध जुने आणि तुलनेने स्वस्त आहे, हे विशेष.

नागपूरला जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किंवा तुकडोजी रुग्णालयात दाखवायला जाताना बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक सोबत न्या. शस्त्रक्रियेची घाई करू नका. बरेचदा केमो आधी देतात. पहिल्याच भेटीत कार्बोप्लॅटिन आणि बीआरसीएबद्दल विचारा.