साचा लिहिताना : यंत्र-प्रतिमेच्या घडणीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिक अंकात प्रस्तुत विषय थोडा परका वाटेल. परंतु ज्या गोष्टीविषयी मी लिहीत आहे ती मुळात लेखनाचीच एक जात आहे, म्हणून संगणकशास्त्राचा विद्यार्थी नसतानाही हे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. संगणकाच्या डिस्कवर कार्यप्रणाली असते, तिच्यावर बसविलेले प्रोग्राम असतात, त्यांच्या मांडणीच्या फाइली असतात. या सर्वांची एकत्र घेतलेली जशीच्या तशी नक्कल म्हणजे 'मशीन इमेज'. तिला मी येथे प्रतिमा म्हणेन. एका प्रतिमेवरून एकसारखी हजार यंत्रे उभी करता येतात. ही यंत्रे बहुधा मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारी आभासी यंत्रे असतात. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली 'ईसीटू' ही भाड्याने यंत्रे देण्याची सेवा सुरू केली, तिच्यातील प्रत्येक यंत्र अशा एखाद्या प्रतिमेवरूनच उभे राहते. आणि ज्या मजकुरावरून प्रतिमा आपोआप घडविली जाते, तो मजकूर म्हणजे 'टेम्प्लेट', अर्थात साचा.

प्रतिमा घेण्याची कल्पना तशी जुनीच. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात 'घोस्ट' नावाचा प्रोग्राम काढला आणि १९९८ साली सिमॅन्टेकने ती कंपनी विकत घेतली. एक संगणक हाताने नीट लावावा व त्याची नक्कल बाकीच्यांवर उतरवावी, अशी ती रीत. सोय मोठी होती, पण त्या पहिल्या संगणकावर काय काय केले, कोणत्या क्रमाने केले, याची नोंद त्या नकलेत नसे. ते लावणाऱ्याच्या डोक्यात असे. तो माणूस नोकरी सोडून गेला की हाती प्रतिमा उरे आणि तिला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. माझे वडील गवंडी आहेत. मालात पाणी किती घालावयाचे हे ते घमेल्याकडे पाहून सांगतात, आणि त्यांच्या शेजारी दोन वर्षे राबलेल्या माणसाला ते येते. माणसाला असे शिकविता येते. यंत्र शेजारी उभे राहून शिकत नाही. त्याला सारे लिहूनच द्यावे लागते.

असे लिहून देण्यासाठी जी साधने आहेत त्यांपैकी 'पॅकर' हे सुप्रसिद्ध आहे. मिचेल हाशिमोतो यांच्या हाशीकॉर्प कंपनीने ते २०१३ साली प्रसिद्ध केले. (ही कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयबीएमच्या मालकीची झाली.) पॅकरच्या साच्यात मुख्यतः दोन खंड असतात. 'सोर्स' या खंडात आरंभ कोठून करावयाचा ते लिहितात, 'बिल्ड' या खंडात त्यावर कोणते संस्कार करावयाचे ते. संस्कार करणाऱ्या भागास 'प्रोव्हिजनर' म्हणतात. प्रतिमा तयार झाल्यावर ती दाबून लहान करणे वगैरे कामे 'पोस्ट-प्रोसेसर' करतो. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

डेबियन लिनक्सचे उदाहरण घेऊ. सोर्समध्ये डेबियनच्या इन्स्टॉलर फाइलचा पत्ता आणि तिची 'चेकसम' लिहिलेली असते. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. उतरवून घेतलेल्या फाइलचा आकडा जुळला नाही तर पॅकर पुढे जातच नाही. मग आभासी यंत्र सुरू होते आणि पॅकर चक्क त्याच्या कळा दाबू लागतो! समोर पडद्यावर काय आले आहे हे तो पाहत नाही. इतके सेकंद थांब, एस्केप दाब, ही ओळ टंकलिखित कर, एंटर दाब, असे साच्यात लिहिलेले असते आणि तो आंधळेपणाने ते करतो. त्या ओळीत एका उत्तरपत्रिकेचा पत्ता असतो. डेबियन बसविताना इन्स्टॉलर भाषा, वेळ, डिस्कची वाटणी, वापरकर्त्याचे नाव असे प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरे 'प्रीसीड' नावाच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवावयाची.

यात एक जरी उत्तर राहिले तर इन्स्टॉलर तो प्रश्न पडद्यावर मांडून स्वस्थ बसतो. इकडे पॅकर यंत्रात 'एसएसएच' या मार्गाने दुरून प्रवेश मिळण्याची वाट पाहत असतो. साच्यात वेगळे सांगितले नसेल तर तो पाच मिनिटे वाट पाहतो. डेबियनला बसण्यास त्याहून सहज जास्त वेळ लागतो, म्हणून ही मर्यादा अर्ध्या तासापर्यंत वाढवून ठेवणे शहाणपणाचे. मर्यादा संपली की पॅकर केवळ वेळ संपल्याचे सांगतो आणि अर्धवट झालेले यंत्र मोडून टाकतो. कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला हे तो सांगत नाही. ते कळण्यासाठी आभासी यंत्राचा पडदा उघडा ठेवून स्वतः पाहत बसावे लागते. वाचकाला काहीच आपोआप समजणार नाही असे धरून चालण्याची ही सवय आपणां निबंध लिहिणाऱ्यांसही लागली तर बरे!

अडून बसणारी चूक परवडली. खरा धोका आहे तो यशस्वी दिसणाऱ्या अपयशात. प्रोव्हिजनरमध्ये आज्ञा थेट साच्यातच लिहिल्या तर पहिली फसताच काम थांबते, कारण पॅकर तशी व्यवस्था स्वतः करतो. पण त्याच आज्ञा वेगळ्या स्क्रिप्ट-फाइलमध्ये लिहिल्या तर ही व्यवस्था लेखकाने करावयाची असते. फाइलच्या आरंभी 'सेट -ई' ही आज्ञा नसेल तर मधली आज्ञा फसूनही पुढल्या चालत राहतात. शेवटची यशस्वी झाली की पॅकर सर्व ठीक समजतो आणि प्रतिमा तयार होते. समजा, मधली आज्ञा सुरक्षेची दुरुस्ती बसविण्याची होती. ती राहून गेलेली प्रतिमा शंभर यंत्रांवर उतरते आणि शंभरही यंत्रे सारखीच उघडी पडतात.

साच्यात काय लिहावे याइतकाच काय राहू देऊ नये हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका साच्यातून काढलेल्या गणपतीच्या मूर्तींचे डोळे मागाहून एकेक आखतात. यंत्राचेही काहीसे तसेच. प्रत्येक लिनक्स यंत्राला 'मशीन-आयडी' नावाचा स्वतःचा क्रमांक असतो. तो प्रतिमेत तसाच राहिला तर दोन यंत्रे एकाच ओळखीने जाळ्यावर पत्ता मागतात आणि कधीकधी दोघांना एकच पत्ता मिळतो. म्हणून शेवटच्या प्रोव्हिजनरने ती फाइल रिकामी करावयाची; पहिल्यांदा सुरू होताना यंत्र नवा क्रमांक घडविते. यंत्राच्या एसएसएच किल्ल्याही पुसावयाच्या असतात. मात्र नव्या किल्ल्या आपोआप घडतील अशी योजना (बहुधा 'क्लाउड-इनिट' नामक प्रोग्रामद्वारे) हवी, अन्यथा त्या यंत्रात दुरून शिरताच येत नाही.

पासवर्डांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. पॅकरमध्ये एखादे चलपद 'सेन्सिटिव्ह' म्हणून घोषित करता येते. मग त्याची किंमत काम चालू असताना पडद्यावर छापली जात नाही. परंतु एखाद्या आज्ञेने तीच किंमत यंत्रातील फाइलमध्ये लिहिली असेल, तर ती प्रतिमेत राहतेच आणि प्रतिमा ज्याच्या हाती जाईल त्याला वाचता येते. माझ्या मते पासवर्ड प्रतिमेत नसावाच. यंत्र सुरू झाल्यावर तो बाहेरून द्यावा.

भाषेच्या विद्यार्थ्याला रस वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. पॅकरचे साचे आरंभी 'जेसन' या पद्धतीत लिहीत. तिच्यात टीपा लिहिण्याची सोय नाही. त्यामुळे 'येथे दहा सेकंद थांब' इतके लिहिता येई. दहाच का, पाच का नाहीत, हे त्या ओळीशेजारी लिहिता येत नसे. डिसेंबर २०१९ मधील १.५ या आवृत्तीपासून 'एचसीएल' ही लेखनपद्धती आली, तीत ओळीशेजारी टीप लिहिता येते. यंत्र ती वाचत नाही. ती आहे साचा पुढे सांभाळणाऱ्या माणसासाठी, आणि मला तर साच्यातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

एक मर्यादा मात्र सांगावयास हवी. तोच साचा आज चालविला आणि सहा महिन्यांनी चालविला तर प्रतिमा तीच निघेल असे नाही. 'हा प्रोग्राम बसव' या आज्ञेने त्या दिवशी भांडारात जी आवृत्ती असेल तीच बसते. आवृत्तीचा क्रमांक लिहून ती पक्की करता येते. डेबियनने भांडाराच्या जुन्या तारखांच्या नकलाही जपून ठेवल्या आहेत. पण सारेच पक्के केले तर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्याही येत नाहीत. म्हणून पॅकरचे जोडभाग कोणत्या आवृत्तीचे ते पक्के लिहावे, सुरक्षेच्या दुरुस्त्या मोकळ्या सोडाव्यात, ठराविक मुदतीने नवी प्रतिमा घडवावी आणि ती कोणत्या दिवशीची आहे हे तिच्या नावातच घालावे, ही रीत मला पटते.