आधी मेलेला कंडेन्सर शोधा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जालन्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात माळ्यावरचे व्हिडिओ गेम यायला लागतात. बहुतेक निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला. लिटल मास्टर, टर्मिनेटर, नाहीतर नाव-गाव नसलेले डबे. तक्रार ठरलेली: चित्र येतं, पण त्यावर दोन आडव्या सावल्या हळूहळू सरकतात, आवाजात घरघर.

हल्ली पोरं व्हिडिओ बघून घरीच सगळे कंडेन्सर बदलतात आणि मग माझ्याकडे येतात. अंबडच्या एकाचा गेम असाच आला. कंडेन्सर कोरे करकरीत, गेम मात्र मुका. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. स्वस्तातला तपकिरी बोर्ड, त्यावर तांब्याची पट्टी नुसती चिकटवलेली. आयर्न जरा जास्त टेकलं की सुटते. तीन-चार ठिकाणी ती पापुद्र्यासारखी वर आली होती. वायरीचे तुकडे जोडून गेम उठवला, तर सावल्या तशाच! कारण मेलेला कंडेन्सर गेममध्ये नव्हताच, अडॅप्टरमध्ये होता.

गेमच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो. ५ व्होल्ट द्यायला त्याला साधारण ७ तरी लागतात. अडॅप्टरमधला फिल्टर कंडेन्सर सुकला की सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज त्याखाली बुडतं आणि ५० हर्ट्झच्या टीव्हीवर त्याच्याच दोन सावल्या दिसतात. म्हणून काही उपटण्याआधी गेम बंद करून अडॅप्टरच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा कंडेन्सर जोडून बघा. पांढरा पट्टा म्हणजे निगेटिव्ह, आणि या गेमच्या पिनमध्ये निगेटिव्ह बहुधा आत असतो, तेव्हा मीटर लावून खात्री करा. उलटा लागला तर फुटतो. सावल्या गेल्या की रोग सापडला. अडॅप्टर उघडायचा तर प्लग काढूनच. आत २३० व्होल्ट आहेत.

सेगाच्या गेम गिअरची गोष्ट वेगळी. परदेशातून कुणी आणलेला एखादा येतो. १९९०च्या त्या हातातल्या गेमचे चपटे कंडेन्सर गळतातच. आयर्न लावताच मासळीचा वास सुटतो. तिथे मात्र सगळे बदला, आणि सांडलेलं पाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा बसवू नका, तांबं खात राहतं. बाकी पिवळ्या-तपकिरी सिरॅमिक चकत्यांना हातही लावू नका, त्या सुकत नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्यात पत्र्याखालचा माळा. उष्णता १० अंशांनी वाढली की सुकणाऱ्या कंडेन्सरचं आयुष्य निम्म्यावर येतं. तेव्हा ८५ नको, १०५ अंशांचाच मागा. व्होल्ट जुन्याइतके किंवा जास्त चालतील, कमी नाही. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो, तरी हातात घेऊन बघतो. मोठ्या आवरणात छोटा डबा घातलेला नकली माल वजनालाच हलका लागतो.