खाचराचा वाद

पवनानगर,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

धरणाकाठची खाचरे तंबूवाल्यांस भाड्याने द्यावीत हा तुझा आग्रह, आणि तेथे इंद्रायणी भातच होईल हा आजोबांचा. यापायी घरात अबोला धरला गेला, हे वाचून खेद झाला. हिशेबात तुझी बाजू खोटी नाही. परंतु ज्या गृहस्थाने ऐन उमेदीत आपल्या शिवारावर पवनेचे पाणी चढताना पाहिले, मोबदल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे धरणाचे पाणी शहरास नेणाऱ्या बंद जलवाहिनीस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे दगावल्याची वार्ता म्हातारपणी ऐकली, त्यास करारनाम्याचा कागद पाहताच धास्ती वाटावी, यात हट्टापेक्षा अनुभवच अधिक आहे.

म्हणून मत गिळून बैस, असे मात्र मी सांगणार नाही. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ साली, प्रथम पत्नी निवर्तताच, वडिलांच्या इच्छेखातर अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. वडिलांचा शब्द राहिला, स्वतःचा गेला. उलट त्याच मुलीने, म्हणजे रमाबाईंनी, पुढे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसताना उलट उत्तर दिले नाही, पण इंग्रजीचा अभ्यासही सोडला नाही. नमते घेऊनही माघार न घेण्याची हातोटी न्यायमूर्तींपेक्षा त्यांच्या पत्नीस अधिक साधली, असे माझे स्पष्ट मत आहे. (सुधारकांच्या चरित्रकारांना हे रुचणार नाही, न रुचो.)

तेव्हा आजोबांच्या पाठीमागे तलाठ्याकडे जाऊ नकोस, आणि पाहुण्यांसमोर विषय काढू नकोस; चारचौघांत पडलेला शब्द म्हाताऱ्या माणसास मागे घेता येत नाही. लावणी उरकू दे. मग एखाद्या सायंकाळी, पाण्याखाली गेलेली आपली जमीन नेमकी कोठे होती आणि पाटबंधारे खात्याची हद्द कोठवर येते, हे त्यांनाच विचार. दफ्तरात शोधूनही इतके नेमके मिळणार नाही, आणि तुझ्या बेतासही ती माहिती लागणारच आहे. नंतर एकाच खाचराची गोष्ट काढ: भात काढल्यावर वैशाखापर्यंत तंबू, पावसाळ्यात पुन्हा भात, आणि कागद दरसाल नवा. तरीही नाही म्हणाले, तर यंदा राहू दे. पुढल्या कार्तिकात पुन्हा विचार.

घरी सर्वांस यथायोग्य सांगणे.

तुझा,
काका